पहिल्या रुग्णाची पत्नी

"चष्मा मिटून ठेवू की उघडा?" वत्सलाकाकूंनी विचारले.

"उघडा," मी म्हणालो. "आत्ताच काढून ठेवल्यासारखा."

"आत्ताच काय बाबू, वर्ष होऊन राहिलं."

"ते पाहणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, एवढंच."

त्यांनी पदराने भिंगे पुसली आणि चष्मा टेबलावर ठेवला. मी उंबऱ्यापर्यंत मागे सरून पाहिले. पलंगावर ताणून घातलेली पांढरी चादर, उशाशी तांब्या-भांडे, खुंटीवर इस्त्रीचा सदरा, बंद खिडकीशेजारच्या झरोक्यात बसवलेला, अखंड घुरघुरणारा कूलर. पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते त्र्यंबकराव देवतळे अंघोळीला गेले आहेत आणि पंचा झटकत आता येतीलच, अशी त्या खोलीने ठाम समजूत करून घेतली होती. वस्तुतः ते हिंगणा रस्त्यावरच्या एका जुन्या शीतगृहात, पोलादी टाकीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत होते. माझ्या पत्रकांत त्या स्थितीला ‘स्थगिती’ असे नाव होते.

नागपुरातला मे महिना होता. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला हात लावला, तर ती ताप आलेल्या माणसासारखी लागत होती.

"एक विचारायचं होतं," काकू म्हणाल्या. "उद्या ती मुंबईची बाई येऊन गेली, की हा कूलर समोरच्या खोलीत लावला तर चालेल? मागचा उन्हाळा मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर काढला. यंदा फरशीही तापून राहिली."

"डॉक्टरांना विचारतो."

"विचारा. पण खरंच विचारा. मागं नुसतं म्हणाले होते."

डॉक्टर म्हणजे खानझोडे. माणसाला झोपवायचे आणि वेळेवर उठवायचे, यात त्यांचे आयुष्य गेले. शहरातल्या तीन इस्पितळांत ते भूल देत. एकदाच त्यांना उठवणे जमले नव्हते, आणि पलंगावर त्यांची धाकटी बहीण होती. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती. सगळ्या धंतोली वस्तीला ते ठाऊक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी उत्तरकाल प्रतिष्ठान काढले. आजचे वैद्यक जिथे हात टेकते तिथे देह अतिशीत करून थांबवायचा, आणि उद्याचे वैद्यक येईपर्यंत वाट पाहायची.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, मराठीचा एम. ए. होतो. माझ्या कविता अशा नियतकालिकांत येत, ज्यांचे वाचक आणि कवी सहसा तेच असत. त्या कवितांत दर तिसऱ्या ओळीला मृत्यू येई. डॉक्टरांनी त्या कुठूनशा मिळवून वाचल्या आणि मला जनसंपर्क अधिकारी नेमले. "ज्याला हा शब्द इतक्या वेळा लिहिता येतो," ते म्हणाले होते, "त्याला तो टाळताही येईल."

आणि तो टाळणे हेच माझे काम होते. लोकांना हसू येईल असे काहीही चळवळीने करायचे नाही, हा डॉक्टरांचा दंडक. प्रेत, बर्फ, गोठवणे, अमर हे शब्द प्रतिष्ठानात बंद होते. स्वतः डॉक्टर वैशाखातही टाय बांधत. आमचा नायट्रोजन ज्या टेम्पोतून येई, तोच टेम्पो पुढे खेडोपाडी गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो पुरवत असे, आणि त्याच्या पाठीवर एका अत्यंत तृप्त वळूचे रंगीत चित्र होते. आवारात पाहुणे असले, तर वळूवर चादर टाकावी, असा लेखी आदेश होता. चादर टाकण्याची जबाबदारी जनसंपर्क विभागाची, म्हणजे माझी होती.

पण वळूपेक्षा नाजूक प्रश्न देवतळ्यांच्या घराचा होता. आमचा पहिला आणि तोवर एकुलता रुग्ण त्या घरचा. ‘घरच्यांनीच आशा सोडली’ असे एकदा कुणी छापले असते, तर पुढे कोण आले असते? म्हणून त्या घरी दहावे झाले नाही, तेरावे झाले नाही. भिंतीवर काकूंचे सासरे, सासूबाई आणि थोरले दीर हार घालून ओळीने बसले होते. चौथ्या चौकटीत त्र्यंबकराव बिनहाराचे. काकूंच्या कपाळावर कुंकू होते. संक्रांतीला शेजारणी वाण देऊन जात, आणि देताना त्यांचा हात हवेत किंचित थांबे. "काका कसे आहेत?" त्या विचारत. "तसेच आहेत," काकू सांगत. यापेक्षा अचूक उत्तर माझ्या विभागालाही सुचले नसते.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना खरोखरच विचारले.

"खोलीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "उमरेडकर, ती खोली म्हणजे आपलं खरं दर्शनी दालन आहे. टाकी पाहून लोक घाबरतात. खोली पाहून त्यांना वाटतं, माणूस बाहेरगावी गेलाय."

"काकूंना फार उकडतं."

"उकडणं तात्पुरतं असतं."

मग टायची गाठ सैल करत ते म्हणाले, "मला काय कळत नाही? पण तिघं सदस्यत्वाच्या सहीच्या उंबऱ्यावर आहेत. तिघंही म्हणतात, लेख काय येतो ते पाहू. त्या बाईंनी आपल्याला हसण्यावारी नेलं, तर या शहरात पुन्हा कुणी माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. आणि टाकीतल्या त्या माणसाला मी शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी गुप्ते आल्या. एका नामांकित साप्ताहिकाच्या या बातमीदार बाई सडपातळ, सौजन्यशील होत्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात त्यांनी एक हसू दुमडून ठेवलेले होते. त्यांच्याबरोबर एक अबोल छायाचित्रकार होता. बाहेरच्या खोलीत त्यांना पन्हे दिले. पहिल्या घोटातच त्यांच्या कपाळावर घाम डवरला आणि त्यांची नजर आतल्या घुरघुरीकडे गेली.

"आत बसलो तर चालेल?"

डॉक्टरांनी मोठ्या अदबीने दार उघडले. गुप्ते आत आल्या, वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"किती गार आहे हो इथं. काकू, तुम्ही इथंच झोपत असाल."

"नाही जी. मी स्वयंपाकघरात."

"मग हा कूलर?"

"यांचा आहे."

"पण ते तर..." गुप्त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले.

"त्यांना तिकडे गारच आहे म्हणतात," काकू म्हणाल्या.

गुप्त्यांचे पेन थांबले. छायाचित्रकार खोकला. दुमडलेले हसू कडेने उलगडू लागले होते, आणि त्यात मला उद्याचा सगळा लेख दिसला, त्याचे शीर्षकसुद्धा.

"काकूंना असं म्हणायचंय," मी घाईने म्हणालो, "की काळजी घ्यायची सवय अंतरामुळे तुटत नाही."

काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू दुसऱ्या कुणाचा निरोप चुकून त्यांच्याकडे आला होता. गुप्त्यांनी मात्र ते वाक्य लिहून घेतले.

"ही खिडकी उघडत नाही का?"

"उघडते. उघडायची नाही. धूळ येते म्हणून यांनी सांगितलेलं आहे."

"आणि तुम्ही अजूनही ते पाळता?"

"आहेत ना ते," काकू म्हणाल्या. "डॉक्टरसाहेबच सांगतात. गेले असते तर गोष्ट वेगळी."

डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. गुप्ते पलंगाच्या कडेला बसायला गेल्या आणि चादरीचा ताण पाहून उभ्याच राहिल्या. मग त्यांनी पेनाचे टोपण लावले. बातमीदार टोपण लावून विचारतो तेव्हा तो प्रश्न खरा असतो, हे मला पुढे कळले.

"काकू, थेटच विचारते. राग मानू नका. ते परत यावेत असं तुम्हाला वाटतं?"

कूलर घुरघुरत होता. काकूंनी टेबलावरचा चष्मा थोडा सरळ केला. मग त्या गुप्त्यांकडे नव्हे, डॉक्टरांकडे वळल्या.

"डॉक्टरसाहेब, हे उठतील त्याला किती वर्षं?"

"शंभर म्हणा. दीडशेही लागतील."

"तेव्हा मी नसेन."

"तसं... नाही म्हणता येणार, पण..."

"नक्की नसेन?"

डॉक्टर खोटे बोलत नसत. ती त्यांची अडचण होती. "नक्की नसाल," ते हळू आवाजात म्हणाले.

काकूंनी श्वास सोडला. चेहऱ्यावरची एक शीर सैल झाल्यासारखी मला वाटली.

"मग येऊ द्या," त्या म्हणाल्या. "खुशाल येऊ द्या त्यांना."

गुप्त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातले हसू विरघळून गेले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "मी नसेन, तरी ते यावेत," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. डॉक्टर इतके हेलावले, की तीन वर्षांत प्रथमच त्यांनी न ठरवलेले वाक्य उच्चारले.

"वत्सलाताई, तुम्ही नसाल असं होणार नाही. प्रतिष्ठान तुम्हाला मानद सदस्यत्व देत आहे. शेजारची टाकी तुमची. ते डोळे उघडतील, तेव्हा तुम्ही समोर असाल."

छायाचित्रकाराने नेमका त्या क्षणी काकूंचा चेहरा टिपला. छापून आलेल्या छायाचित्राखाली एकच शब्द होता: कृतार्थता.

लेख गाजला. तिघांनी सह्या केल्या, मागून आणखी दोघांनी. पुण्याच्या एका व्याख्यानमालेने डॉक्टरांना बोलावले. टेम्पोवाल्याने आपण होऊन वळूवर पांढरा रंग मारला. एवढ्या मोठ्या कामात आपलेही काही असावे, असे त्याला वाटले म्हणे. काकूंच्या दारी अनोळखी बायका येऊ लागल्या, उंबऱ्यावर डोके टेकू लागल्या. लक्ष्मीनगरच्या महिला मंडळाने वटपौर्णिमेच्या मेळाव्याला त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावले. सात जन्म हाच पती मिळावा म्हणून बाकीच्या बायका वडाला दोरा गुंडाळणार होत्या. काकूंना तर तोच पती याच जन्मात पुरून उरणार होता. मानपत्र तिथेच, सगळ्यांसमोर द्यावे, ही कल्पना माझी. डॉक्टर आधी कचरले, मग म्हणाले, "धार्मिक वाटणार नाही असं लिहा."

मानपत्राचा मसुदा दाखवायला मी काकूंकडे गेलो. दार उघडेच होते. त्या आतल्या खोलीत होत्या. त्र्यंबकरावांच्या पलंगावर मांडी घालून लसूण सोलत बसल्या होत्या. चादरीवर सालांचा ढीग होता. खिडकी सताड उघडी होती आणि रस्त्यावरची धूळ अगदी मोकळेपणाने आत येत होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "इथंच बसा. आता कोण येते पाहायला."

मी पलंगाच्या टोकाला बसलो आणि मसुदा वाचून दाखवला. ‘काळाच्या दोन तीरांवर उभ्या असलेल्या दांपत्याला’ अशी त्याची सुरुवात होती. काकूंनी शेवटपर्यंत ऐकले.

"भाषा चांगली आहे तुमची," त्या म्हणाल्या. "मला नाही व्हायचं सभासद."

"का, काकू?"

"का काय? चव्वेचाळीस वर्षं झाले, बाबू."

त्यांनी एक पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"ते वाईट नव्हते, तसं समजू नका. हात उगारला नाही, दारू नाही, कुणाचं घेणं नाही. फक्त सगळं त्यांचं असे. खिडकी कधी उघडायची, भाजी कशी चिरायची, माहेरी किती दिवस, बोलताना आवाज किती. माझा भाऊ म्हणे, सोन्यासारखा माणूस आहे. होताच. सोनं अंगावर घालून झोपून पाहा एकदा."

मी मसुद्याची घडी घातली.

"गेले त्या दुपारी मी रडले," त्या म्हणाल्या. "खोटं नाही, पोटातून रडले. मग जरा निवांत झाले आणि मनात आलं, झालं. निभावलं नीट. संपलं. आणि तितक्यात तुमचे डॉक्टर गाडी घेऊन दारात. म्हणे, काही संपलेलं नाही."

"तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं."

"त्यांची इच्छा होती. लिहून ठेवली होती. शेवटची म्हणून मान्य केली. शेवटचीच नाही निघाली, त्याला मी काय करू?"

बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेले. काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढून ते पाहून घेतले, चांगले वळणापर्यंत.

"त्या मुंबईच्या बाईजवळ मी तेच बोलले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझ्यानंतर येतात तर येऊ द्या. माझी काय हरकत? तर तिच्या डोळ्यांत पाणी. आणि साहेबांनी दिली शेजारची टाकी. शंभर वर्षं उलटं लटकायचं, आणि डोळे उघडले की पहिला प्रश्न, खिडकी कुणी उघडली."

मला हसू आले, आणि ते आवरायला मी खिडकीकडे तोंड वळवले.

"डॉक्टरांना नकार कळवू का मी?" शेवटी मी विचारले.

"काहून? माणूस चांगला आहे तो. बहिणीपायी करून राहिला सगळं. त्याच्या तोंडावर नाही म्हणणं मला जमणार नाही, आणि बायका पाया पडून राहिल्या दारात, त्यांच्यासमोर तर नाहीच." लसणाची ताटली त्यांनी उशीवर ठेवली, अगदी मधोमध. "पूर्ण मरायची काही सोय असते का हो? तुमच्याकडे नसेल. मी दुसरीकडे पाहते."

वटपौर्णिमेच्या दिवशी मंडळाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जरीच्या साड्या, नथी, फणसाच्या गऱ्यांचा वास. व्यासपीठावर एकटे डॉक्टर टायमध्ये होते. त्यांनी नेटके भाषण केले. त्यात धर्म नव्हता, प्रेत नव्हते, बर्फ नव्हता, फक्त विश्वास आणि विज्ञान होते. मग त्यांनी चौकटीतले मानपत्र काकूंच्या हाती दिले. टाळ्या थांबेनात. काकूंनी चौकट खुर्चीला टेकवून ठेवली आणि ध्वनिक्षेपकापाशी आल्या.

"डॉक्टरसाहेबांचे उपकार मोठे आहेत," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी देऊ केलेलं मला घेता येत नाही. माझ्या देहावर आता माझा हक्क राहिला नाही. मागच्या आठवड्यात मी मेडिकल कॉलेजात देहदान करून आले. वर्ध्याचा भाऊ सोबत होता, त्यानंही सही केली. आमच्या ह्यांनी देह विज्ञानाला दिला, मग मीही विज्ञानालाच दिला. फरक एवढाच, की त्यांचा ठेवायला दिला आहे, माझा वापरायला."

मांडवात कुजबुज उठली आणि बसली. सगळ्या नजरा डॉक्टरांकडे वळल्या, माझीही. चळवळीच्या सगळ्या भाषेत या प्रसंगासाठी एकही वाक्य तयार नव्हते. आणि डॉक्टरांना विरोध तरी कसा करता येणार होता? अशाच कुणाच्या दिलेल्या देहावर ते पहिल्या वर्षी वैद्यक शिकले होते. विज्ञानाचे नाव घेऊन वर्षभर ते जे मागत होते, तेच या बाईने विज्ञानाला देऊन टाकले होते. ते उठले. त्यांचा चेहरा क्षणभर फार थकलेला, फार जुना दिसला. मग त्यांनीच पहिली टाळी वाजवली, आणि मांडव कडाडला.

साप्ताहिकाने पुढच्या अंकात छोटी चौकट छापली: एका घरातून विज्ञानाला दोन देह. तो मजकूर मीच पाठवला होता. प्रतिष्ठानाची प्रतिष्ठा त्यामुळे वाढली, असे आमच्या वार्षिक अहवालात नोंदले गेले.

कार्यक्रम संपल्यावर मी काकूंना ऑटोपर्यंत सोडायला गेलो. मानपत्राची चौकट माझ्या काखेत होती. ती त्यांनी नाकारलीही नव्हती आणि घेतलीही नव्हती. ऑटोवाल्याशी भाडे ठरवून झाले, तरी त्या बसेनात.

"एक विचारायचं राहिलं तिथं," त्या म्हणाल्या. "कॉलेजातली ती मॅडम इतकी गोड बोलत होती, की विचारवलं नाही. तुम्ही शिकलेले आहात."

"विचारा ना."

"पोरं शिकायला कापतात, ते सगळंच कापतात ना? शेवटपर्यंत? का एखादं काही जपून ठेवतात?"

शरीरशास्त्र विभाग मला ठाऊक होता. डॉक्टरांनी मला एकदा तिथे नेले होते, जतनाची परंपरा किती जुनी आहे हे माझ्या लिखाणात यावे म्हणून. लांबलचक खोलीत, काचेच्या कपाटांत, ओळीने बरण्या होत्या. पिवळसर पाण्यात कुणाचे हृदय होते, कुणाचा हात. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी होती. काही बरण्या इंग्रजांच्या काळापासूनच्या होत्या, आणि त्यांतले काहीही बदललेले नव्हते.

काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काही ठेवत नाहीत," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि ऑटोत बसल्या.